डबा वरून भरू नका: सुट्या धान्याचं स्वयंसेवा दुकान काढणाऱ्यांसाठी

घरून डबे आणायचे, ओळीनं मांडलेल्या कोठ्यांतून हवं तेवढं धान्य, डाळ, दाणे आपल्या हातानं काढून घ्यायचे आणि काट्यावर ठेवून पैसे द्यायचे. पुण्यात मी असं दुकान चालवतो, त्यामुळे तसंच काही सुरू करू पाहणारी मंडळी वरचेवर भेटायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे काचेचे डबे कुठून आणलेत?" मी त्यांना आधी मागच्या खोलीत नेतो. तिथे धुऊन, उन्हात कडकडीत वाळवलेले रिकामे डबे फळीवर उपडे घातलेले असतात. पुढचे भरलेले डबे ग्राहकाला दिसतात, पण दुकान चालतं ते या मागच्या रिकाम्या डब्यांवर. असं का, ते समजावं म्हणून हा लेख.

जुन्या भुसार दुकानातही माल सुटाच असायचा. पण पोत्यात हात जायचा तो दुकानदाराचा किंवा त्याच्या गड्याचा. स्वयंसेवा दुकानात त्याच डब्यात दिवसभरात पन्नास हात जातात. कुणी बसमधून उतरून आलेलं, कुणाला सर्दी झालेली, कुणाच्या कडेवर पोर. कायदा मात्र या पन्नास जणांना काही विचारत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 दुकानदाराला 'अन्न व्यावसायिक' म्हणतो आणि डब्यातल्या मालाची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. स्वयंसेवा डब्यांसाठी या कायद्यात वेगळं प्रकरण नाही. परवाना व नोंदणीचे 2011 चे नियम आहेत, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेचे नियम दिले आहेत, तेच आपल्याला लागू होतात. झाकण, साठवण, कीड, कामगारांचं आरोग्य, सगळं त्यात आहे. तेच नियम डब्यापाशी कसे पाळायचे, ते पुढे पायरीपायरीनं सांगतो.

आधी कागद

यात फार वेळ घालवायचं कारण नाही, पण हे झाल्याशिवाय शटर उघडू नका. एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, त्याच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर अर्ज करायचा. छोट्या उलाढालीला नोंदणी पुरते, मोठीला राज्य परवाना लागतो. 2011 च्या मूळ नियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला 12 लाख रुपये होती. या मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच पर्याय निवडा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. आपण त्याला एफडीए म्हणतो. गोव्यातही कायदा हाच आहे, तिथलं प्रशासन तेवढं वेगळं.

मिळालेला क्रमांक 14 अंकी असतो. नोंदणीचा 2 नं सुरू होतो, परवान्याचा 1 नं. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं. 1 जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बिलावरही छापावा लागतो, तेव्हा बिलबुकं छापायला टाकण्याआधीच तो हातात असू द्या.

अर्जात व्यवसायाचा प्रकार विचारतात, तिथे नीट विचार करा. पुष्कळ जण फक्त 'किरकोळ विक्री' लिहून मोकळे होतात आणि फावल्या वेळात अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून फळीवर मांडतात. माल आधी पिशवीत भरून ठेवला की तो सुटा राहत नाही. पुन्हा पॅकिंग करणं हा अर्जात वेगळा प्रकार आहे. पिशवीवर लेबलचे सगळे नियम लागतात, वजन आणि कमाल किंमत छापावी लागते, आणि 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. ग्राहकासमोर डब्यातून काढून दिलेल्या सुट्या धान्याला तो नाही. म्हणून एकतर सुटं विका, नाहीतर रीतसर पॅकिंग करा. अर्धवट काही करू नका.

दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी, तंदुरुस्तीचा दाखला आणि विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांविरुद्धची लस, हेही चौथ्या अनुसूचीत आहे. घरचीच माणसं दुकानात उभी राहत असतील तर त्यांचाही दाखला काढा.

काय सुटं ठेवायचं नाही

नवीन माणूस उत्साहात सगळंच सुटं विकायला निघतो. कचरा कमी करायचा हेतू चांगला असतो, पण चार गोष्टी डब्यात येणार नाहीत.

सुटं खाद्यतेल विकायला मनाई आहे. राज्य सरकारनं खास सवलत दिली नसेल, तर तेल पॅकबंद आणि लेबल लावूनच विकावं लागतं. लाकडी घाण्याच्या तेलाचा नळ लावून ग्राहकाची बाटली भरून देण्याची कल्पना अनेकांना मोहात पाडते. त्या वाटेला जाऊ नका.

दळलेले मसाले सुटे विकता येत नाहीत. हळकुंड, अख्खी मिरची, धणे, जिरं सुटं चालतं; हळद पूड, मिरची पूड, धणे पूड पॅकबंदच. ग्राहक यावर वाद घालतात, कारण अजून कितीतरी दुकानांत तिखट पोत्यातून मोजून मिळतं. पण नियमामागचं कारण साधं आहे. अख्ख्या मिरचीत विटेची भुकटी घालता येत नाही, पुडीत घालता येते.

मीठ. थेट खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त नसेल तर विकता येत नाही, आणि किरकोळ विक्रीच्या टप्प्यावरही त्यात आयोडीन किमान 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग, असावं लागतं. दिवसभर उघडझाप होणाऱ्या डब्यात, त्यातून पावसाळी हवेत, मिठाला पाणी सुटतं आणि आयोडीनही उतरतं. मीठ पिशवीतच राहू द्या.

चौथी गोष्ट भगर. हिला कायद्यानं मनाई नाही, पण मी ती सुटी ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नये असं कळकळीनं सांगतो. महाशिवरात्र, आषाढी एकादशी, नवरात्र आलं की भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतात. भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी लवकर वाढते आणि तिच्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. म्हणून सणांच्या तोंडावर एफडीएची सूचना निघते: सुटी भगर घेऊ नका, पॅकबंद आणि तारीख बघून घ्या, भगरीचं पीठ साठवू नका. दिवसभर उपाशी असलेला माणूस रिकाम्या पोटी खातो तो पहिला पदार्थ हाच असतो. त्यात धोका पत्करू नये.

डबे कोणत्या क्रमानं मांडायचे

मी मालाचे तीन वर्ग करतो. घरी नेऊन धुऊन शिजवायचा माल पहिला: तांदूळ, डाळी, कडधान्यं. न धुता शिजवायचा किंवा भाजायचा दुसरा: रवा, पोहे, पिठं, दलिया. तिसरा थेट तोंडात जाणारा: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काजू, बदाम, मनुका, खजूर.

सगळ्यात जास्त जपायचा तो तिसरा. तांदळाला कुणाचा हात लागला तरी पुढे पाणी आणि आच दोन्ही आहेत. काजूला नाही. कोरड्या पदार्थात जंतू जगत नाहीत ही समजूतही चुकीची आहे. साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या दाण्यावर वाढत नसले तरी महिनोन् महिने तग धरून राहतात. म्हणून तिसऱ्या वर्गाला पळी देऊच नका. भिंतीला लावलेले उभे डबे मिळतात, खाली खटका असतो, तो दाबला की माल आपोआप खाली पडतो. आत कुणाचा हात जात नाही आणि आधी भरलेला माल आधी बाहेर येतो. महाग पडतात, पण पैसे घालायचे तर इथे घाला. पैसे कमी असतील तर सुका मेवा काउंटरच्या मागे ठेवा आणि तुम्ही स्वतः काढून द्या.

पहिल्या दोन वर्गांना झाकणाचे तिरपे डबे चालतात. झाकण हात सोडला की आपलं आपण पडलं पाहिजे. डब्याचं तोंड चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल एवढं खाली नको. मुलांना मुगात हात घालायला फार आवडतं, आणि त्यात त्यांची चूक नाही, डबा तिथे ठेवणाऱ्याची आहे. शेंगदाणे आणि सुकामेवा रव्या-पिठाच्या वर किंवा शेजारी लावू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला रव्यात पडलेला एक दाणाही पुरतो.

डबा भरणं

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दुकान काढलं त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्याकडे रव्याचा डबा तळाशी चार बोटं उरला होता. नवा कट्टा आला होता, गिऱ्हाईक उभं होतं. मी कट्ट्याची शिवण उसवली आणि वरून ओतला. पंधरा दिवसांनी एका काकूंनी पळी घातली तर रवा सुटा येईना, कोष्ट्याच्या जाळ्यासारखे धागे धरून गोळा वर आला. जाळी लागली होती. तळातल्या जुन्या रव्यात पतंगाची अंडी असणार, त्यावर मी तीस किलो ताजा माल ओतून त्यांना खाऊ घातलं. तीस किलोच्या तीस किलो टाकून द्यावा लागला. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या पंधरा दिवसांत तो रवा कुणाकुणाकडे गेला ते मला सांगता येईना. त्यातला जुना किती, नवा किती, तेही नाही.

त्या दिवसापासून नियम केला: डबा कधीही वरून भरायचा नाही. तळ दिसल्यावर उरलेला माल वेगळ्या बरणीत काढायचा, डबा मागे न्यायचा, ब्रशनं कोपरे झाडायचे, मग धुऊन पुसून दिवसभर वाळवायचा. किडीची अंडी आणि पिठाचा चुरा बिजागरीच्या फटीत आणि तळाच्या कोपऱ्यात बसतो, तिथे जुना दातांचा ब्रशच चालतो. दमट डब्यात धान्य भरण्यापेक्षा न धुतलेला बरा, म्हणून वाळलाय की नाही ते हाताच्या पालथ्या बाजूनं पाहायचं. तोवर पुढे काय लावणार? मागचा कोरडा, रिकामा डबा. म्हणूनच तो लागतो. बरणीतला उरलेला माल चाळून, पाखडून आधी तोच विकायचा किंवा घरी न्यायचा. चौथ्या अनुसूचीत 'आधी आलेला आधी बाहेर' आणि 'आधी मुदत संपणारा आधी बाहेर' अशी दोन तत्त्वं दिली आहेत. वरून ओतलेल्या डब्यात दोन्ही उलटी होतात, कारण वरचा नवा माल खपत राहतो आणि तळाचा जुना तिथेच बसतो.

यात कायद्याचाही एक मुद्दा आहे. कायद्याचं 26 वं कलम म्हणतं की असुरक्षित अन्न एखाद्या बॅचचा किंवा लॉटचा भाग असेल, तर त्या लॉटमधलं तशाच प्रकारचं सगळं अन्न असुरक्षित मानलं जाईल. आता समजा, डब्यात तुम्ही दोन कट्टे एकत्र केलेत, आणि त्यातल्या एकात खोट निघाली. नमुना मिसळलेल्या डब्यातून गेला, तर खोट कुठल्या कट्ट्याची हे तुम्ही दाखवणार कसं? दोन्ही व्यापाऱ्यांकडे बोट दाखवाल, दोघेही हात झटकतील, आणि माल तुमच्या डब्यातला असल्यानं प्रकरण तुमच्यावर येईल.

म्हणून कट्ट्याची ओळख डब्याबरोबर गेली पाहिजे. कट्टा उघडला की त्यावरचं लेबल किंवा शिवणीतली चिठ्ठी कापून घ्या, तिच्यावर डबा भरल्याची तारीख टाका आणि डब्याच्या मागे चिमट्यानं लावा. डबा रिकामा झाला की चिठ्ठी काढा, रिकामा झाल्याची तारीख टाका आणि वहीत चिकटवा. माझ्याकडे अशा वह्या साठल्या आहेत. कुणी विचारलं की गुढीपाडव्याला तूरडाळ कुठली होती, तर दोन मिनिटांत सांगता येतं.

व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, आणि त्यावर फॉर्म ई ची हमी आहे का ते पाहा. आपण देतोय तो माल कायद्याप्रमाणे आहे, अशी ती लेखी हमी असते. मार्केट यार्डात पुष्कळांच्या बिलावर ती खाली बारीक अक्षरात छापलेलीच असते. नसेल तर मागून घ्या. उद्या नमुन्यात खोट निघाली तर तुमच्या बाजूनं उभा राहणारा पहिला कागद तोच.

शेतकऱ्याकडून थेट घेत असाल, मुळशीचा आंबेमोहोर, मावळचा इंद्रायणी, तर जास्त सांभाळा. शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही, त्याच्याकडे परवाना नसतो आणि नसायलाही हरकत नाही. पण त्यामुळे मालाची पहिली नोंद तुमच्यापासूनच सुरू होते. गाव, शेतकऱ्याचं नाव, भात सडून तांदूळ केल्याची तारीख, वजन, एवढं वहीत उतरवा. दाणा दाताखाली कडकन तुटतो का ते तिथेच पाहा. मऊ दबला तर माल ओला आहे, तो डब्यात भरू नका.

पळी आणि हात

प्रत्येक डब्याला स्वतःची पळी. डाळीची पळी रव्यात जाता कामा नये. ती डब्याला साखळीनं किंवा नायलॉनच्या दोरीनं बांधा. दोरी एवढी आखूड की पळी जमिनीला टेकणार नाही. दांडा लांब हवा, म्हणजे धरलेली बाजू मालात बुडत नाही. डब्याच्या बाहेर पळीसाठी खोबण किंवा नळी लावा, माणसं आपसूक तिथे ठेवतात. सुताच्या दोरीला मळ धरतो, ती नको.

पळ्या दिवसाआड तरी बदला. मी दोन डबे ठेवतो, एकावर 'धुतलेल्या', दुसऱ्यावर 'वापरलेल्या'. पळी खाली पडली की उचलून थेट वापरलेल्यांत, पुसून पुन्हा डब्यात नाही. दाराशी हात धुण्याची सोय असली तर उत्तम. जागा नसेल तर निदान सॅनिटायझर ठेवा आणि वापरा म्हणून तोंडानं सांगा. नुसती पाटी कुणी वाचत नाही.

आणि ज्यावर मी कधीच तडजोड करत नाही तो नियम: डब्याबाहेर आलेला माल पुन्हा डब्यात नाही. ग्राहकानं पाव किलो म्हणून अर्धा किलो काढला, काट्यावर पाहिलं आणि वरचा परत ओतायला वळला, हे दिवसातून दोन-तीनदा होतं. त्याला वावगं वाटत नाही, कारण घरी आपण असंच करतो. पण तो माल त्याच्या घरच्या डब्यातून फिरून आलाय. त्या डब्यात काल काय होतं, तो कशानं पुसला होता, कीड होती की नव्हती, काही ठाऊक नाही. काट्याजवळ एक वेगळी बरणी ठेवा. जास्तीचा माल तिच्यात घ्या, ग्राहकाला त्याचे पैसे लावू नका, आणि ती बरणी विक्रीला काढू नका. आमच्याकडे ती पाखरांना जाते. महिन्याला दोन-चार किलोचं नुकसान होतं, ते सोसायचं.

हे सारं नीट व्हायला डब्यांवर एका माणसाची नजर हवी. काउंटरवरून सगळे डबे दिसले पाहिजेत. खांबाआड, कोपऱ्यात डबा लावलात की तिथे काय चालतं ते कळत नाही.

ग्राहकानं आणलेला डबा

एकदा एक मावशी स्टीलचा डबा घेऊन आल्या, आतून नुकताच विसळलेला. मी म्हटलं, "मावशी, डबा जरा ओला आहे, कोरड्या फडक्यानं पुसून देऊ का?" त्या म्हणाल्या, "अरे, स्वच्छ आहे, आत्ताच धुतलाय." स्वच्छ होताच, पण ओला होता. मी पुसून दिला, आणि त्यातले पोहे दोन दिवसांत मऊ पडून वास मारतील हेही सांगितलं. त्यांना पटलं. ओला, आधीच्या पदार्थाचा वास असलेला, तडकलेला डबा घेऊ नका, पण नकार देताना हातात पर्याय ठेवा: कोरडं फडकं, किंवा उसना द्यायला धुतलेल्या बरण्या. ग्राहकाचा डबा आपल्या डब्याच्या कडेला किंवा खटक्याच्या तोंडाला टेकवायचा नाही. खाली वीतभर अंतर राहील अशी फळी लावा.

कुणी काहीच न आणता आलं तर कोऱ्या कागदाची पिशवी द्या. वर्तमानपत्राची पुडी नको. 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न गुंडाळायला आणि ठेवायला वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं अन्नात उतरतात. पुडी बांधायची कला आपल्याकडच्या दुकानदारांनी पिढ्यान् पिढ्या जपली, ती कोऱ्या कागदावरही तितकीच छान बांधता येते. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर महाराष्ट्रात मार्च 2018 पासून बंदी आहे.

डब्यावरची पाटी

पाटीवर मालाचं नाव, प्रकार, भाव, कुठून आला आणि कधीपर्यंत वापरावा, एवढं असू द्या. मिठाई ठेवत असाल तर लक्षात घ्या, 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खाणं उत्तम' ती तारीख लिहिणं सक्तीचं झालं. धान्यालाही तीच सवय लावली तर ग्राहक विश्वास ठेवतो.

ॲलर्जी देणारे पदार्थ ठळक लिहा: शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळं, दूध, सोयाबीन, गहू. पाटीवर काय लिहू नये तेही महत्त्वाचं. 'ग्लुटेनमुक्त' लिहू नका. तसं म्हणायला ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, आणि शेजारी गव्हाचा रवा ठेवलेल्या सुट्या ज्वारीच्या पिठाबद्दल ती खात्री कुणीच देऊ शकत नाही. 'सेंद्रिय' लिहायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणनाच्या सरकारी पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र व्यापाऱ्याकडून हवं. ओळखीच्या शेतकऱ्यानं फवारणी केली नाही असं सांगितलं तर तेवढंच लिहा, शिक्का मारू नका.

काटा

काटा आरोग्यात मोडत नाही, तो वैध मापन शास्त्र विभागाकडे जातो, पण सुट्या मालाच्या दुकानात तो टाळता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. दाखला भिंतीवर लावा. आकडे ग्राहकाला दिसले पाहिजेत. ग्राहकाच्या रिकाम्या डब्याचा धडा आधी करायचा, म्हणजे त्याचं वजन वजा करून घ्यायचं, मग माल भरायचा. डब्याच्या बुडाला खडूनं त्याचं वजन लिहून दिलं की पुढच्या वेळी काम सोपं होतं.

कीड, उंदीर आणि पावसाळा

घरी आपण तांदळाला बोरिक पावडर चोळतो, गव्हात पारदच्या टिकड्या टाकतो, कुणी एरंडेल लावतं. दुकानात यातलं काहीही डब्यात घालू नका. बोरिक ॲसिडला अन्नात परवानगी नाही. धान्याच्या धुरीच्या गोळ्यांतून, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून, निघणाऱ्या वायूनं माणसं मेली आहेत. त्या गोळ्या वस्तीतल्या दुकानात आणायच्याच नसतात. अन्न विकायच्या जागेत कीटकनाशकांचा साठा किंवा विक्री करायलाही नियमानं मनाई आहे, फक्त मान्यताप्राप्त घरगुती कीटकनाशकांना सूट आहे. तीही धान्याशेजारच्या फळीवर नकोत.

मग करायचं काय? थोडा माल आणायचा. पुण्याच्या पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपेक्षा जास्त खपाचा माल भरत नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर आठवड्याचाच भरा. मूग, चवळी, हरभऱ्याला भुंगा लागतो, तांदळाला सोंडे, रव्या-पिठाला जाळी. रोज सकाळी झाकण उघडून नाकानं आणि डोळ्यानं तपासा. कुबट वास आला तर तिथेच विक्री थांबवा. शेंगदाण्याच्या बाबतीत तर अजिबात चालढकल नको. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजून जात नाही. काळे, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून माल वाचवायचा प्रयत्न करू नका, सगळा परत करा.

कट्टे जमिनीवर ठेवायचे नाहीत, फळ्यांवर, आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून झाडू फिरतो आणि उंदराची लेंडी दिसते. लेंडी दिसली की नुसती झाडून मोकळं होऊ नका, भोक शोधा. पेस्ट कंट्रोलवाल्याची पावती फाइलला लावा.

अधिकारी आल्यावर

अन्न सुरक्षा अधिकारी न सांगता येतात. घाबरायचं काही नाही. प्रमाणपत्र, दाखले, बिलं, चिठ्ठ्यांची वही समोर ठेवा. त्रुटी दिसल्या तर सुधारणा नोटीस निघते. तिच्यात दिलेली मुदत किमान चौदा दिवसांची असते. अस्वच्छ जागेत अन्न ठेवलं किंवा अन्नात बाहेरचा पदार्थ निघाला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

नमुना घेतला तर त्याचे चार भाग करतात आणि तुम्हाला मालाची किंमत देतात, ती संकोच न करता घ्या. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दुसरा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी विनंती तुम्ही करू शकता, पण ती तिथल्या तिथे करावी लागते. अहवाल विरुद्ध गेला तर अपिलाला तीस दिवस असतात. नमुना कुठल्या डब्यातला, त्यामागे कुठली चिठ्ठी होती, हे त्याच वेळी वहीत लिहा आणि डबा बाजूला काढा. त्यातला माल निकाल येईपर्यंत विकू नका.

सुरुवात किती डब्यांनी करावी

पंधरा. तांदळाचे चार प्रकार, चार डाळी, चार कडधान्यं, पोहे, रवा, दलिया. जे आठवड्यात खपतं तेच. सुकामेवा पहिले सहा महिने काउंटरमागे. आणि या पंधरा भरलेल्या डब्यांमागे निदान चार रिकामे विकत घ्या, त्याच मापाचे, म्हणजे कुठलाही कुठेही बसतो. दुकान उघडण्याच्या आदल्या आठवड्यात घरच्या माणसांना ग्राहक बनवून दोन दिवस माल काढायला लावा. पळी कुठे पडते, दोरी कुणाला आखूड होते, कोण माल परत ओतायला वळतो, सगळं दिसतं. आमच्याकडे सगळ्यात आधी माझी आईच वळली होती.